उरलेली हळकुंडं

अक्का, समाजाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहायचं ठरलं तेव्हा सरोजिनीबाईंनी मला एक कागद आणून दिला. तुमचा जन्म कुठला, लग्न कधी झालं, यजमान कधी गेले, बळेपेटेतल्या कापडदुकानाच्या माडीवर आपला महिला समाज कुणाकुणाला घेऊन सुरू केलात, सगळं तारीखवार. मी कागद वाचला आणि परत दिला. हे ज्यांना माहीत नाही ते आपला अंक वाचत नाहीत, आणि वाचतात त्यांना ते माहीत आहे.

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. मला जे लिहायचं आहे ते पंधरा वर्षं तुमच्याशी बोलायचं राहिलं आहे. तुम्ही असताना दोन वाक्यांत संपलं असतं. आता पानं लागणार.

तेराव्याला जमलेल्या बायका एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होत्या. या कानडी मुलखातल्या गावात किती मंडळं निघाली आणि फुटली, पेटेतल्या एका मंडळाची तर तीन झाली, आपला समाज मात्र जसाच्या तसा राहिला. सरोजिनीबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सुशीलाबाईंनी मतदान आणलं, म्हणून आपण स्थिर राहिलो." मी तेव्हा पत्रावळी गोळा करत होते. करत राहिले.

तुम्ही समाज कसा चालवायचात ते नव्या सभासदांना सांगून खरं वाटत नाही. चार शिवणयंत्रं, एक कपाट, कपाटाची किल्ली तुमच्या कमरेला. कुणी कुठल्या मशीनवर कधी बसायचं ते तुम्ही सांगायचं. मी शाळेत गणित शिकवणारी बाई, मला हे सहन व्हायचं नाही.

"अक्का, याची यादी कुठे असते?"

"ही काय," म्हणून तुम्ही कपाळावर बोट ठेवायचात.

"आणि उद्या तुम्ही आजारी पडलात तर?"

"मग तू मला बघायला ये, तेव्हा विचारून घे."

सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, आणि घरी जाताना चिडायचे. सकाळची वेळ तुम्ही नेहमी त्याच बायकांना द्यायचात. गंगक्का, यमुनाबाई, अशा आठजणी. आठही विधवा, कुणी भावाकडे तर कुणी दिराकडे राहणाऱ्या. त्या चिक्कपेटेतल्या दुकानांसाठी झबली-टोपडी शिवायच्या, दुपारी बाराला दुकानाचा माणूस येऊन माल घेऊन जायचा, आणि त्या घरी जाऊन स्वयंपाकाला लागायच्या. हा हिशेब तुम्ही कधी कुणाला समजावून सांगितला नाही. आम्हाला एवढंच दिसायचं की अक्का आपल्या माणसांना सांभाळतात. आमच्या मुलींना शिकायला मशीन हवं असलं तर "स्वल्प थांब" एवढंच उत्तर.

त्याच सुमारास देशातली पहिली मोठी निवडणूक झाली. शाळेच्या खोलीत बायकांच्या बोटाला शाई लावायला मला बसवलं होतं. दिवसभर मी बोटं धरली. राबणारी, मेंदी लावलेली, थरथरणारी. तुम्हीही आलात, बोट पुढे केलंत आणि म्हणालात, "ही जात नाही म्हणे लवकर. मग भांडी घासायला बरी." मी मात्र भारावून गेले होते. भारावणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून ते मला जास्तच चढलं. एवढ्या मोठ्या देशात लोक रांगेत उभे राहून आपला कारभारी निवडू शकतात, तर बळेपेटेच्या माडीवर एक्केचाळीस बायका का नाही?

तुमच्या घरी येऊन मी हे सांगितलं. चामराजपेटेतल्या त्या वठारात, सहा बिऱ्हाडांच्या सामाईक अंगणात, तुम्ही तांदूळ निवडत बसला होतात.

"मत मागितलं की माणसं मोजली जातात," तुम्ही म्हणालात. "मोजली की दोन तट पडतात. आज सगळ्या माझ्यावर एकत्र रागावतात, ते काय वाईट आहे?"

"रागावतात आणि गप्प बसतात."

"गप्प बसतात म्हणून समाज उभा आहे."

"एका माणसावर उभा असलेला समाज स्थिर नसतो, अक्का. तो माणूस गेला की पडतो. नियमावर उभा असला तर कुणी आलं गेलं तरी चालतो."

तुम्ही सुपातला खडा काढून बाजूला टाकलात. "सरी," तुम्ही कानडीत होकार दिलात. "कर तुझा नियम."

नियम मी आठ दिवसांत केला. निवडणुकीत तुमच्यासमोर सरोजिनीबाई उभ्या राहिल्या. निम्म्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून चिठ्ठ्या नकोत. चैत्राच्या हळदीकुंकवाची हळकुंडं आणि सुपाऱ्या कपाटात उरलेल्या होत्या. मी दोन्ही पन्नास-पन्नास मोजून घेतली. दारात तबक धरून मी उभी राहणार. प्रत्येकीनं एक हळकुंड आणि एक सुपारी उचलून मुठीत घ्यायची, आत एकटीनं जायचं, हवं ते कळशीत टाकायचं आणि दुसरं झाकलेल्या टोपलीत. कुणाला काही कळणार नाही. सुपारी म्हणजे सरोजिनीबाई. हळकुंड म्हणजे तुम्ही, कारण मोठ्यांना मान म्हणून शुभ वस्तू द्यावी असं मला वाटलं.

हे सांगायला मी पुन्हा वठारात आले. तुमचा हात सुपावर थांबला. एखादा क्षणच. मला वाटलं, खडा सापडला.

"हळकुंड माझं?" तुम्ही विचारलंत.

"हो. का, आवडलं नाही?"

"नियम तू केलास ना? मग तोच."

अक्का, त्या क्षणाला मी किती वेळा परत गेले आहे ते मोजलेलं नाही. माझ्या कपाळावर कुंकू होतं, आजही आहे. हळद उचलताना आपल्याला कुणी बघतंय का, असा विचार मला जन्मात कधी करावा लागला नाही. तुम्हाला पंचवीस वर्षं करावा लागला होता. चारचौघींत विधवेनं तबकातलं हळकुंड उचलायचं नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आपल्यातल्या पाच वर्षांच्या मुलीलाही ते माहीत असतं. पण नियम करताना ते मला आठवलं नाही. विसरायला काही कारणही नव्हतं. फक्त ते माझं नव्हतं.

आणि तुम्ही सांगितलं नाहीत. याचा मला अजून राग येतो, हेही लिहून ठेवते. एका वाक्याचं काम होतं. मी तबक बदललं असतं, चिंचोके आणले असते. पण ते वाक्य म्हणायला तुम्हाला माझ्यापुढे, सोळा वर्षांनी धाकट्या बाईपुढे, स्वतःचं वैधव्य मांडावं लागलं असतं. तुम्ही ते कुणापुढे मांडलं नव्हतं. आठवायचं काम माझं होतं.

मतदान रविवारी सकाळी झालं. गुप्त मतदान म्हणून मी तबक पुढे धरून मान भिंतीकडे वळवली होती. केवढा अभिमान वाटत होता मला त्या वळवलेल्या मानेचा! एकेक बाई आली, तबक हललं, पावलं आत गेली. तुम्ही आलात ते मला चपलांवरून कळलं. तबक फारसं हललं नाही. "झालं?" तुम्ही विचारलंत, जणू मीच मत देत होते.

कळशीत चोवीस सुपाऱ्या निघाल्या आणि सतरा हळकुंडं. सरोजिनीबाईंना हार घातला. तुम्ही कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "तिसऱ्या मशीनचा पट्टा सुटतो. खेचू नका, बोटानं चढवा." मग मागच्या बाकावर, भिंतीच्या कडेला जाऊन बसलात. पुढची पंधरा वर्षं तीच तुमची जागा झाली.

बायका कॉफी प्यायला खाली उतरल्या. मी तबक घेऊन कपाटाशी गेले. उरलेलं मोजून ठेवायची माझी सवय. सुपाऱ्या नऊ उरल्या होत्या. बरोबर, पन्नासातून एक्केचाळीस गेल्या. हळकुंडं अठरा होती.

मी पुन्हा मोजली. अठरा. कुणीतरी नऊजणींनी हळकुंड उचललंच नव्हतं. समाजात नऊ विधवा होत्या. आठ त्या, आणि नवव्या तुम्ही. मुठीत फक्त सुपारी घेऊन आत गेलेल्या बाईला कळशीत दुसरं काय टाकता येणार? तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध मत देऊन आला होतात. ती नऊ मतं तुमच्याकडे गेली असती तर तुम्ही सव्वीस आणि सरोजिनीबाई पंधरा. हे गणित माझ्या वर्गातल्या मुलींनाही जमलं असतं.

खालून हसण्याचा आवाज येत होता. मला जिना उतरून एवढंच सांगायचं होतं: मतदान चुकलं, पुन्हा घेऊ. मी हळकुंडं डब्यात भरली, झाकण लावलं आणि कॉफी प्यायला गेले.

कारणं तेव्हा भरपूर होती. पुन्हा मतदान म्हटलं असतं तर सरोजिनीबाईंच्या बायका भडकल्या असत्या. पहिल्याच वेळी निकाल फिरवला तर पुढे कुणी निकाल मानला नसता. नवा नियम रुजायला थोडी शांतता लागते. सगळी कारणं ऐकायला चांगली होती. त्यांच्याखाली आणखी एक होतं: मी जिंकले होते, आणि मला ते आवडलं होतं.

त्यानंतर जे झालं ते सगळं नियमानं झालं. पुढच्या सभेत ठराव आला की सकाळी मुलींसाठी शिवणवर्ग चालवावा आणि मशीनवर काम करणाऱ्यांनी दुपारी यावं. हात वर झाले, त्यात माझाही होता. दुपारी दुकानाचा माणूस येऊन गेलेला असायचा. शिवाय दुपारी त्या आठजणींना घरून सोडत नव्हते. ही गोष्ट सभेत कुणी बोललं नाही, कारण ज्यांना माहीत होती त्या बोलत नव्हत्या. यमुनाबाई घरी बसून उदबत्त्या वळायला लागल्या. गंगक्का आनेकलला भावाकडे गेली. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती.

तुम्ही मला कलासीपाळ्याच्या बसस्टँडवरून परत येताना भेटलात. "गंगेला बसमध्ये बसवून आले," म्हणालात. "जाण्याआधी मशीनला तेल घालून गेली. कुणी सांगितलं नव्हतं." बस्स, एवढंच. तुम्ही ओरडला असतात तर मला सोपं गेलं असतं.

पण तुम्ही ओरडला नाहीत, आणि त्यामुळेच माझं नाव झालं. हरलेली अक्का रागावून घरी बसली नाही, वेगळा समाज काढला नाही, दर रविवारी येऊन मागे बसते. हे बघून इतर मंडळांच्या बायका आमची घटना उतरवून घ्यायला यायच्या. मी त्यांना सांगायचे, हरलेला माणूस पुढच्या सभेला येतो ना, ते खरं स्थैर्य. तुम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे. आज लाज वाटते.

आपला वाद मात्र चालू राहिला, आणि त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. माझ्याशी खुशाल भांडणारं माणूस या गावात दुसरं नव्हतं. तुम्ही येलहंक्याला पुतण्याकडे राहायला गेलात तरी रविवारची बस चुकवली नाहीत. गेल्या वर्षापासून राज्याराज्यांत सरकारं पडायला लागली, तशी तुम्हाला चेव आला. पिशवीतून वर्तमानपत्र काढून म्हणायचात, "सुशीले, तुझी लोकशाही आज परत पडली बघ. हळद लाव तिला."

हळद म्हणालात तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पेपर बघत होतात.

"पडते, पण उठते," मी म्हणाले. "सरकार पडतं, देश पडत नाही. हरलेल्याला माहीत असतं की पुढच्या वेळी आपण जिंकू, म्हणून तो काठी उचलत नाही. राजाच्या राज्यात हरलेल्याला पुढची वेळच नसते."

"हरलेल्याचं कळलं गं. ज्याला हरायलाही मिळालं नाही, त्याचं काय?"

"असं कोण असतं?" मी विचारलं.

तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात. "कॉफी निवतेय," म्हणालात.

कोण असतं ते मला माहीत होतं. नऊ नावं मला पाठ होती.

मग गंगक्का परत आली. तयार कपड्यांच्या एका कारखान्यात तिला काम मिळालं होतं, चाळिशी गाठली होती, आणि कामगारांच्या सभांना बसून बसून तिला मोठ्यानं बोलायची सवय लागली होती. समाजाची पुन्हा सभासद झाली आणि पहिल्याच सभेत उभी राहिली.

"सकाळी दोन मशीन काम करणाऱ्या बायकांना पाहिजेत."

सरोजिनीबाई म्हणाल्या, "गंगाबाई, तुम्हाला तर कारखान्यात मशीन आहे."

"मला नकोय. यमुनाबाईंना पाहिजे. त्या बोलायच्या नाहीत, म्हणून मी बोलते."

"शिवणवर्ग सभेनं ठरवलाय."

"आम्हाला विचारून ठरवलाय का? विचारलं असेल तर दाखवा, मी खाली बसते."

पुढचे तीन रविवार समाजात जो आरडाओरडा झाला तो तुम्ही चालवत असताना कधी झाला नव्हता, आणि त्यानंतरही नाही. दोघींनी राजीनामे दिले, एकीनं ते परत घेतले. खालचा दुकानदार जिना चढून विचारायला आला की काही पडलं का. मी कार्यवाह म्हणून टेबल बडवत होते. तिसऱ्या रविवारी यमुनाबाई उठल्या. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. "मला सकाळी दोन तास पाहिजेत," म्हणाल्या, आणि घाबरून लगेच खाली बसल्या. ठराव चार मतांनी मंजूर झाला. समाज फुटला नाही. दोन मशीन सकाळी मोकळी झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिसऱ्याचा पट्टा सुटला.

त्या रविवारी मी तुम्हाला बसपर्यंत सोडायला आले. तुमचा श्वास तेव्हाच लागत होता. तुम्ही माझ्या दंडाला धरून चालत होतात आणि मध्येच थांबलात.

"आज पहिल्यांदा मतदान झालं, सुशीले."

तुम्हाला माहीत होतं. मला माहीत आहे हेही तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला दार उघडून दिलं होतं. मी एवढंच म्हणायचं होतं की अक्का, मी त्या दिवशी हळकुंडं मोजली होती. सात शब्द. तुम्ही थांबला होतात, धापा टाकत, माझ्याकडे बघत.

मी म्हणाले, "तुमची बस आली, अक्का."

तुम्ही "सरी" म्हणालात आणि चढलात.

नंतर येलहंक्याला मी दोनदा आले. एकदा पुतण्याची बायको शेजारून हलेना आणि एकदा तुम्ही झोपला होतात. ही नुसती सबब आहे. पंधरा वर्षांत जवळजवळ आठशे रविवार होते.

आपल्या वादाचं उत्तर मला आता असं वाटतं. तुम्ही म्हणायचात, गप्प बसतात म्हणून समाज उभा आहे. मी म्हणायचे, मोजतो म्हणून उभा आहे. खरं म्हणजे माझ्या मतदानानंतरही तो तुमच्याच पद्धतीनं उभा होता, नऊजणी गप्प बसल्या म्हणून. पहिल्या गप्प तुम्ही आणि दहावी मी. मतदान आणलं म्हणून काही स्थिर होत नाही. ज्या तीन रविवारी मला वाटलं की आता सगळं कोसळणार, त्याच रविवारी समाज पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभा होता. हे मान्य करायला तुम्ही हव्या होतात. तुम्ही नक्की म्हणाला असतात, म्हणजे माझंच बरोबर होतं. आणि मी म्हणाले असते, अजिबात नाही.

येत्या सभेपुढे मी ठराव ठेवते आहे. पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या मतदानाच्या इतिवृत्ताखाली लिहावं की त्या दिवशी नऊ सभासदांना मत देता आलं नाही, तो दोष नियम करणारीचा होता, आणि तिला तो त्याच दिवशी कळला होता. हे कळल्यावर ती कार्यवाह राहावी की नाही, तेही सभेनं ठरवावं.

सरोजिनीबाईंनी हा लेख वाचला. त्यांचा यात काही दोष नाही, त्यांना आजपर्यंत माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "आता कशाला उकरायचं? अक्का गेल्या. फूट पडेल."

गंगक्का शेजारी काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, "पडू दे की. शिवायलाच बसलोय आपण सगळ्या."

चिठ्ठ्या छापून आणल्या आहेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एकीवर गोल आहे आणि एकीवर चौकोन. यमुनाबाईंना विचारलं, या हातात धरायला कुणाला काही अडचण आहे का. त्या आधी नुसत्या हसल्या. मी उठले नाही, बसून राहिले. मग त्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "नाही. ही चालेल."

निकाल काय लागेल मला माहीत नाही. हरले तर मागच्या बाकावर, भिंतीच्या कडेला जागा रिकामी आहे. तिथून तिसरं मशीन समोरच दिसतं. पट्टा सुटला तर चढवीन. खेचणार नाही, बोटानं.